झुंबराच्या भोकातला आवाज

आमच्या नाट्यगृहात सहाशे चौदा दिव्यांचं झुंबर होतं आणि त्या झुंबराचा मी नवरा होतो. हसा खुशाल. पण एकतीस वर्षं एकाच बाईला वर चढवायचं, खाली उतरवायचं, पुसायचं, तिचे गेलेले दात बदलायचे आणि ती कुणाच्या डोक्यावर पडू नये म्हणून जिवाला घोर लावून घ्यायचा, याला संसार नाही तर काय म्हणतात?

आमचं बिऱ्हाड हॉलच्या छताच्या वर, माळ्यावर. चढायला एकशे अडुसष्ट पायऱ्या. वर दोर गुंडाळायचं लोखंडी चाक, एक स्टूल, एक किटली आणि जमिनीत मधोमध परातीएवढं भोक. त्या भोकातून झुंबराचा दोर खाली सुटायचा. वाकून पाहिलं की माणसांची फक्त टाळकी दिसायची. शहरातली अर्धी प्रतिष्ठित मंडळी मी टकलावरून ओळखायचो. रस्त्यात समोरून आली तर ओळख पटायची नाही.

आवाज मात्र सगळा वर यायचा. एकदा एका बाईंनी असा सूर लावला की मी शिडी लावली, चढलो, सात दिवे बदलले, उतरलो, हात धुतले, तरी सूर आपला तिथेच. असं थोडं इकडंतिकडं करून सांगायची मला खोड आहे, ती आत्ताच कबूल करून टाकतो. कारण याच खोडीपायी एका पोरीचं वर्ष बुडायची वेळ आली होती.

ऑपेरा म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर सांगतो. गाण्यातच प्रेम करायचं, गाण्यातच भांडायचं, आणि पोटात सुरा खुपसला तरी दहा मिनिटं गायल्याशिवाय मरायचं नाही. माइक नाही. चाळीस वाद्यांच्या डोक्यावरून आवाज शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या कानात पोचला पाहिजे. हे असलं गाणं कॉलेजात शिकून होत नाही, म्हणून नाट्यगृह दर वर्षी सहा तरुण गायक निवडून आपल्याकडेच ठेवून घ्यायचं. निवासी कलाकार म्हणायचे त्यांना. मागच्या गल्लीतल्या घरात राहायचं. सकाळी गळा, दुपारी परक्या भाषांचे उच्चार, संध्याकाळी तलवारबाजी आणि न लागता कोसळायचं कसं याचा तास. वर्षभरात प्रत्येकाने एकदा तरी लोकांसमोर भूमिका गायची. गायली तर दुसरं वर्ष. नाही गायली तर बॅग भरून घरी. नियम साधा होता.

त्या वर्षी सहा निवडले. त्यातला एक आजारी पडला म्हणून प्रतीक्षायादीतल्या एका मुलीला पत्र गेलं. ती बॅग घेऊन दारात उभी राहिली त्याच दिवशी आजारी माणूसही खडखडीत बरा होऊन हजर. आता पाठवलेलं पत्र परत कसं मागायचं? म्हणून ती राहिली, आणि पहिल्या दिवसापासून तिचं नाव पडलं सातवी.

सहा असते तर तीन जोड्या झाल्या असत्या. तलवारीला जोडी, नाचाला जोडी, युगुलगीताला जोडी. सातवी भिंतीशी तलवार खेळायची. घरात खोल्या सहाच, म्हणून तिला इस्त्रीची खोली दिली. तिथे पलंग मावत होता, पण मग दार अर्धंच उघडायचं. त्यात गाणाऱ्या माणसांचं एक असतं, उद्या गायचं असलं की आज तोंड उघडत नाहीत. मीठ हवं असलं तरी खुणेने मागतात. सहाजणांपैकी कुणाचं ना कुणाचं उद्या काहीतरी असायचंच. ती पोरगी जेवायला बसायची तेव्हा टेबलावर सहा माणसं आणि चमच्यांचा आवाज.

म्हणून ती दुपारच्या सुट्टीत माझ्या माळ्यावर यायला लागली. घरी फोन करायला. पहिल्यांदा आली तेव्हा धापा टाकत म्हणाली, "काका, इथे बोललं तर चालेल?"

"बोल की. इथे फक्त मी, झुंबर आणि एक पारवा. पारवा मंद्र सप्तकात घुमतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस."

तिला खरंच वाटलं. मग मी सात दिव्यांची गोष्टही सांगून टाकली. डोळे मोठे करून ऐकणारं माणूस मिळालं की माझी जीभ सुटते.

वर्षाच्या शेवटी नवा ऑपेरा बसायला घेतला. एका नावाड्याची गोष्ट. शेवटच्या अंकात त्याची नाव बुडते आणि आकाशातून आवाज येतो, घाबरू नकोस, ये. चार ओळी. सहाजणांना खाली रंगमंचावर लहानसहान भूमिका मिळाल्या. कुणी दासी, कुणी शिपाई, कुणी जाळं ओढणारा. आकाशातला आवाज सातवीला.

सहाजणांत एक होता खर्ज गाणारा. छातीचं पिंप आणि आवाज तळघरातला, म्हणून त्याला सगळे खर्जा म्हणायचे. तो म्हणाला, "सातवे, मजा आहे तुझी! आम्ही अजून जमिनीवर आणि तू थेट स्वर्गात."

"आणि कपडे काय आहेत मला?" तिने शिंपीणबाईंना विचारलं.

"दिसणार आहेस का तू?"

"नाही."

"मग कशाला हवेत?" बाईंनी सुई दातात धरूनच उत्तर दिलं.

तर अशी ती घरच्या स्वेटरवर आकाशवाणी करायला माझ्या माळ्यावर दाखल झाली. भोकाच्या कडेला तिची जागा. समोर एक छोटा टीव्ही ठेवला. त्यात एकच चित्र, छडीमास्तर. हातात बारीक पांढरी छडी घेऊन चाळीस वादकांना आणि सगळ्या गायकांना हाकणारा हा माणूस. पदवी बरीच लांबलचक होती, पण आम्ही छडीमास्तरच म्हणायचो. त्यांना माहीत होतं. त्यांना सगळंच माहीत असायचं.

आता गंमत ऐका. वाद्यांचा आवाज खालून वर माळ्यावर यायला वेळ लागतो. गायकाचा आवाज वरून खाली जायलाही वेळ लागतो. कानाला जे ऐकू येतंय त्याच्याबरोबर तुम्ही वर गायलात, की खाली तो आवाज ताटं उचलल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा पोचतो. त्यामुळे इथे कानाला विचारायचं नाही. टीव्हीतली छडी खाली आली की गायचं, वाद्यं आपल्यामागून आली तर येऊ द्यायची. स्वतःला सगळं बेसूर, बेताल, चुकीचं वाटलं पाहिजे. तेव्हा खाली ते बरोबर असतं.

सातवीला नेमकं हेच जमेना. आई आणि थोरली बहीण, तिघी मिळून गात मोठी झालेली पोर. दुसऱ्याचा आवाज ऐकला की ती आपोआप त्याच्या शेजारी जाऊन बसायची. पहिल्या तालमीला छडी खाली आली, ती थांबली, वाद्यं वर पोचली, मग तिने अलगद त्यांच्यात आपला सूर सोडला. माळ्यावर असं काही जुळून आलं की माझ्या अंगावर काटा आला.

"कसं झालं, काका?"

"झकास! एकदम बरोबर!" मी म्हटलं.

तालीम संपली की सगळे पुढच्या रांगांत बसायचे आणि मास्तर वहीतून चुका वाचायचे. टिपणं म्हणायचे त्याला. त्या दिवशी मास्तरांनी पान उलटलं. "आकाश. उशीर. नावाडी बुडून वर आला तरी तुमचं 'ये' येतंय." सगळे हसले. ती पण हसली, मग हसू आवरून बसली.

दुसऱ्या तालमीलाही तेच. आणि मीही तेच. "आज तर कालच्यापेक्षा झकास!" असं मी म्हणालो. का म्हणालो? समोर पोरीचा चेहरा होता म्हणून. खाली मास्तरांनी वही मिटली आणि ध्वनियंत्रावर बसणाऱ्या बटण्याला हाक मारली. "यांच्या चार ओळी उद्या खोलीत ध्वनिमुद्रित करून ठेवा. रंगीत तालमीला पुन्हा उशीर झाला, तर प्रयोगात मुद्रण वाजवायचं."

"मग मी?" सातवीने विचारलं.

"तुम्ही घरी बसून आराम करा. आवाज तुमचाच असेल."

मुद्रण वाजलं तर ती गायली असं धरत नाहीत. म्हणजे दुसरं वर्ष नाही. हे सांगायची कुणाला गरज पडली नाही. खर्जाने तिच्या पाठीवर थाप मारली आणि मग, दुसऱ्या दिवशी त्याचं गाणं असल्यामुळे, तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी बटण्याने मुद्रण केलं. दुपारी ती माळ्यावर आली, स्टुलावर बसली आणि ताईला फोन लावला. ताईला तीन महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती. पडद्यावर एक लाल, रडकी मूठ दिसत होती.

"बघ, तुझी भाची. सकाळपासून भोकाड," ताई म्हणाली. "तुझ्यावर गेलीय. फरक एवढाच की ही फुकट गाते."

"झोपत नाहीये का?"

"आईचं ते गाणं म्हणू या आपण दोघी. एकटीच्या आवाजाला ती भीक घालत नाही."

दोघींनी सुरू केलं. मी चाकाला तेल घालायचं निमित्त करून ऐकत होतो. पहिली ओळ बरी गेली. दुसरीत ताईचा आवाज मागे पडला, कारण फोनवरून यायला त्याला वेळ लागत होता. सातवी तिच्यासाठी थांबली. सातवी थांबली म्हणून ताई थांबली. गाणं चढावरच्या गाडीसारखं धापा टाकत, हळू होत होत पार उभंच राहिलं. बाळाने गळा काढला.

"अगं तू कशाला थांबतेस सारखी?" ताई करवादली. "तू आपली गात जा. माझं काय ऐकतेस? मी येते तुझ्या बरोबर. इथे बरोबर ऐकू येतं."

"पण मला तू मागेच ऐकू येतेस ना."

"येऊ दे की मागे. झोप कुणाला हवीय, तुला का हिला?"

सातवीने पुन्हा सुरू केलं आणि या वेळी ती थांबली नाही. ताईचा आवाज तिच्या मागे मागे, हाक मारूनही न ऐकणाऱ्या माणसाच्या पाठीमागे कुणी यावं तसा. माझ्या कानांना ते अगदी कसनुसं वाटत होतं. पण तिकडे बाळ गप्प झालं. तिकडे दोघी बरोबर होत्या. इकडे ही एकटी होती.

गाणं संपल्यावर ताई कुजबुजली, "झोपली. ठेव." आणि फोन बंद झाला.

सातवीने फोन खिशात टाकला. मग टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. टीव्हीत तेव्हा मास्तर नव्हते, नुसती त्यांची खुर्ची होती. त्या खुर्चीकडे बघून तिने चारही ओळी म्हटल्या. काही विचारलं नाही मला. विचारलं असतं तर मी झकासच म्हणालो असतो.

रंगीत तालमीच्या दिवशी मी एक गोष्ट केली जी एकतीस वर्षांत केली नव्हती. झुंबर वर घेतलं, दिवे मालवले आणि सातवीला न सांगता जिना उतरून हॉलमध्ये पंधराव्या रांगेत जाऊन बसलो. आपली बायको खालून कशी दिसते ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मालवलेली असली तरी चांगली दिसत होती हो.

शेवटच्या अंकात नाव कलली. नावाडी गुडघ्यांवर आला. मास्तरांची छडी खाली आली आणि छताच्या भोकातून आवाज उतरला. वाद्यांच्या अगदी आत, पाण्यात साखर मुरावी तसा. पुढे का मागे असा प्रश्नच नव्हता. माझ्या पुढच्या रांगेत आमच्या शिंपीणबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि सुई दातातून काढली. ही गोष्ट मी वाढवून सांगत नाही.

चार ओळी झाल्या. वर त्या पोरीला काय ऐकू आलं असेल, ते मला माहीत होतं. फरफट. सगळी वाद्यं मागे आणि आपण एकटेच पुढे, काळोखात पाय टाकतोय असं.

मग टिपणं. मास्तरांनी वही उघडली. खर्जाला सहा चुका, दासीला चार, शिपायाचं शिरस्त्राण वाकडं. नावाड्याला दीड पान. वही मिटली. "संपलं. उद्या पडदा." आणि बटण्याला हाताने बोलावून घेऊन मास्तर त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. बटण्याने मान हलवली.

आकाशाचं नाव नाही.

मास्तरांच्या वहीत स्तुती नावाची गोष्टच नव्हती. ज्याचं नाव घेतलं नाही त्याचं बरोबर. पण त्या वर्षी तोवर एकाही पोराचं नाव एकाही तालमीत सुटलं नव्हतं, मग त्यांना हे कळावं कसं? मी बघितलं तर सातवी उठून निघालीही होती. मला वाटलं, पोरगी खूश होऊन झोपायला गेली. मीही खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावर आलो तर ती आपली शाल घडी करत होती. पाण्याची बाटली, सूर लावायचा चिमटा, नोटेशनचे कागद, सगळं पिशवीत.

"काय चाललंय?"

"आवरतेय. दुपारची गाडी आहे."

"कुठली गाडी? संध्याकाळी पडदा आहे ना?"

"मुद्रण वाजवणार आहेत, काका. काल माझं नाव पण नाही घेतलं. काढून टाकलेल्या माणसाच्या चुका कशाला वाचतील?"

"अगं वेडे, नाव घेतलं नाही म्हणजे बरोबर आलं!"

"बटण्याला काय सांगितलं मग कानात?"

"मला काय माहीत! चहा सांगितला असेल."

"आणि मी ऐकलं ना माझ्या कानांनी. सगळं विस्कटलेलं होतं."

"ते तसंच ऐकू यायला हवं! काल मी खाली होतो. पंधराव्या रांगेत बसून ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दवाखान्यात भेटायला आलेला माणूस 'तब्येत छान दिसतेय' म्हणतो, तेव्हा पेशंट बघतो ना, तसं.

"काका, पहिल्या तालमीला तुम्ही झकास म्हणालात. दुसऱ्यालाही झकास. तुमचं मन चांगलं आहे. पण तुम्ही मला असंही सांगितलं होतं की एका बाईंचा सूर सात दिवे बदलून होईपर्यंत टिकला."

"चार दिवे होते," मी म्हणालो.

"बघा."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खिशात नाणं खरं होतं आणि ते घ्यायला कुणी तयार नव्हतं. ती पिशवीची चेन लावायला लागली. अर्ध्या वाटेत चेन अडकली. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात जे आलं ते मी बोलून गेलो.

"बरं, खरं सांगू? वाईट वाटून घेऊ नकोस. तिसरी ओळ चुकली."

चेनवरचा हात थांबला.

"तिसरी? काय झालं तिसरीत?"

"मागे पडलीस. केसभर."

"केसभर म्हणजे किती?"

"अं... मांजराच्या मिशीएवढी."

"आणि पहिल्या दोन?"

"चोख."

"चौथी?"

"चोख."

ती मटकन स्टुलावर बसली. "मला वाटलंच होतं! तिसऱ्या ओळीआधी मी श्वास जास्त घेते. बाईंनी पण सांगितलं होतं गळ्याच्या तासाला. शी! एवढी एकच चूक केली काल मी!" तिने पिशवीतून कागद काढले, पेन्सिल काढली आणि तिसऱ्या ओळीखाली रेघ मारली. "म्हणून नाव घेतलं नसेल. केसभरच होती ना. काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

गोड बोललेलं खरं पटत नाही आणि कडू खोटं कसं घटाघटा उतरतं, ते मी तेव्हा पाहिलं. दुपारची गाडी गेली. ती गाडीत नव्हती. मी स्वतःवर इतका खूश झालो की झुंबराला दोनदा पुसलं.

दुसऱ्यांदा पुसताना माझ्या हातातलं फडकं थांबलं.

आता ही तिसरी ओळ सुधारणार. बरोबर असलेली ओळ. केसभर पुढे ओढणार, लोकांसमोर, पहिल्याच प्रयोगाला.

मी धावत खाली गेलो. म्हणजे मनाने धावलो, गुडघे मागून आले. इस्त्रीच्या खोलीचं दार अर्धं उघडून डोकं आत घातलं. "पोरी, ते तिसऱ्या ओळीचं..."

तिने ओठांवर बोट ठेवलं. आज तिचं गाणं होतं. वर्षात पहिल्यांदाच ती गप्प बसण्याच्या लायकीची झाली होती आणि तो मान ती सोडणार नव्हती. आणि मी तरी काय सांगणार होतो? ते खोटं होतं म्हणालो, तर बाकीचंही खोटं ठरलं असतं. मी दार ओढून घेतलं.

संध्याकाळी वर येताना बटण्याला विचारलं, तर मास्तरांनी त्याच्या कानात एवढंच सांगितलं होतं की मुद्रण लागणार नाही. झुंबर वर घेतलं. खाली टकलांचा समुद्र काळोखात गेला. शेवटचा अंक सुरू झाला तेव्हा मी चाकाची मूठ धरून बसलो होतो, तसं धरायचं काही कारण नव्हतं. सातवी टीव्हीसमोर उभी राहिली, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओढून. त्या पडद्याकडे बघताना ती इतकी एकटी दिसत होती की तिच्या शेजारी जाऊन उभं राहावं असं वाटलं. पण तिथे दुसऱ्याला जागा नव्हती. एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला भिंत.

छडी खाली आली. पहिली ओळ. दुसरी ओळ. दोन्ही कानांना कसनुशा, म्हणजे बरोबर. तिसऱ्या ओळीआधी तिने छोटा श्वास घेतला आणि छडी खाली यायच्या आधीच ती निघाली.

मी डोळे मिटले. मग राहवेना म्हणून उघडले.

टीव्हीत मास्तरांचं डोकं वर झालं होतं. हा माणूस गाणाऱ्या कुणाकडे बघत नाही, वाजवणाऱ्यांच्या बोटांकडे बघतो. त्याने हनुवटी वर करून सरळ छताकडे पाहिलं, म्हणजे आमच्याकडे. डावा हात पसरला, चाळीस माणसं एका मुठीत गोळा केली आणि तो तिच्यामागे निघाला. छडी तिच्या मागून येत होती. एक अख्खी ओळ तो तिच्याबरोबर चालला. सातवीने ते पाहिलं. तिचा आवाज कापला नाही, पण तिचा हात नुसताच पुढे गेला, पडद्यापासून वीतभर अंतरावर. चौथी ओळ आली, मास्तरांनी मान खाली घातली, आणि ती पुन्हा एकटी पुढे.

दुसऱ्या दिवशी दुपारी टिपणं. वर्गाच्या बाई रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. सातवीच्या नावापुढे त्यांनी बरोबरची खूण केली होती, म्हणजे दुसरं वर्ष पक्कं. पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. ती वहीकडे बघत होती.

"आकाश," मास्तर म्हणाले. सगळ्यांच्या माना वळल्या. "तिसऱ्या ओळीत घाई. चाळीस माणसं तुमच्यामागे पळवावी लागली. आज पळवणार नाही."

"हो, सर," ती म्हणाली. असं 'हो, सर' मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. परीक्षेत पहिलं आल्यासारखं. खर्जाने वळून तिच्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या.

संध्याकाळी ती माळ्यावर आली तेव्हा मी आधीच बोललो. प्रयोगाला अवकाश होता, आणि पहिला गेला म्हणून तिने बोलायची बंदी थोडी सैल केली होती.

"तिसरी ओळ चुकलीच नव्हती, पोरी. रंगीत तालमीला. मी थाप मारली."

ती पिशवी ठेवता ठेवता थांबली.

"म्हणजे चारही..."

"चारही."

"मग मी काल जी पळाले ती..."

"माझ्यापायी. शिव्या घाल. पायताण हवं असेल तर दाराशी आहे."

तिने शिव्या घातल्या नाहीत. किटलीतलं गरम पाणी बाटलीत ओतलं, दोन घोट घेतले. "थाप नसती मारलीत तर मी गेले असते."

"गेली असतीस."

"आणि ते आले माझ्यामागे. वर बघितलं त्यांनी. ते तरी खरं ना?"

"ते तू बघितलंस. मला कशाला विचारतेस?"

तिने बाटलीचं झाकण लावलं. खाली वादक तारा जुळवत होते. त्यांचा आवाज नेहमीप्रमाणे उशिरा वर येत होता.

"काका, आज तुम्ही झुंबर चढवलं की खाली जाऊन बसा," ती म्हणाली. "आणि नंतर मला काही सांगू नका. खरं नको, खोटंही नको."

"अगदी एक शब्दही नाही?"

"एकही नाही."

मी झुंबर चढवलं आणि खाली गेलो. पंधरावी रांग भरली होती, म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. नाव कलली, नावाडी गुडघ्यांवर आला, आणि छतातून चार ओळी आल्या. मास्तरांनी मान वर केली नाही. माझ्याजवळच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी चष्मा काढला, भोकाकडे पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "कोण आहे हो वर?" माझ्या जिभेवर पंधरा गोष्टी आल्या. मी खांदे उडवले.

पडदा पडला तसा मी सवयीने जिन्याकडे निघालो. शंभराव्या पायरीच्या आसपास ती भेटली, खाली येत होती. तो जिना असा अरुंद की एकाने भिंतीला चिकटल्याशिवाय दुसऱ्याला जाता येत नाही. मी चिकटलो. सांगण्यासारखं इतकं तोंडात दाटलं होतं की गाल दुखत होते. ती माझ्याजवळ आली, एक पायरी वर थांबली. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, तिथे सगळं लिहिलेलं होतं. जिन्याच्या कठड्याकडे पाहिलं, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि खाली उतरून गेली.